चाकांवरचं बिऱ्हाड आणि घरची माणसं

दिवाळीच्या फराळाला सगळे जमले होते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं मोटरहोममध्ये राहायला जाणार आहोत, महिनाभर फिरायला नव्हे तर कायमचं, हे तेव्हा सांगून टाकलं. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग दादाने हळूच विचारलं, "कर्ज झालंय का काही?" मुलगी उठून आत गेली. आईने चकल्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "आधी खाऊन घे."

त्याला आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत भेटणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, की गाडी कुठली आणि बॅटरी किती. त्याची उत्तरं पुढे देणारच आहे. पण सहा महिने-वर्षभरात परत फिरलेली दोन जोडपी मी जवळून पाहिली आहेत. दोघांच्याही गाड्या आमच्यापेक्षा चांगल्या होत्या. रोज रात्री फोनवर घरच्यांशी होणाऱ्या वादावादीने ती थकली होती.

म्हणून हा लेख गाडीपासून सुरू होत नाही, घरच्यांपासून सुरू होतो. घरच्यांचा विरोध म्हणजे अडथळा, असं मीही आधी समजत होते. नंतर लक्षात आलं की त्या विरोधातच आपल्या तयारीची यादी असते. आई, मुलगी, भाऊ, सासूबाई प्रत्येकाचा प्रश्न वेगळा वाटतो, पण खोदून पाहिलं तर खाली एकच निघतं: आम्ही बोलावलं तर तुम्ही किती वेळात पोचाल? याचं उत्तर तयार ठेवा. पुढचं बरंच सोपं जातं.

पायरी १. आधी दोघांचं एकमत करा

घरात एकाला हौस असते आणि दुसरा "बघू" म्हणत असतो. "बघू" म्हणजे होकार नव्हे. सात बाय सोळा फुटांच्या जागेत रुसून बसायला दुसरी खोली नसते. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन गोष्टी लिहिल्या: काय सोडवणार नाही, कशाची भीती वाटते, आणि काय झालं तर परत यायचं. नवऱ्याच्या कागदावर "रोज गरम पाण्याची आंघोळ" होतं, माझ्या कागदावर "आई". कागदांची अदलाबदल केली आणि त्यावर दोन आठवडे बोललो. जोडीदाराच्या कागदावरची भीती तुम्हाला क्षुल्लक वाटत असेल, तर अजून निघू नका.

पायरी २. कोणाला आधी सांगायचं, आणि कसं

आम्ही इथेच चुकलो. सगळ्यांना एकदम, सणाच्या दिवशी सांगितलं. अशा वेळी प्रत्येक जण दुसऱ्याच्या देखत बोलतो, आणि एकदा तोंडातून "नाही" गेलं की माघार घ्यायला संकोच वाटतो. एकेकाला, त्याच्या घरी जाऊन, वेळ काढून सांगा. ज्यांच्यावर याचा सर्वात जास्त परिणाम होणार आहे, त्यांना सगळ्यात आधी. आमच्या घरात ती मुलगी होती.

तिचं मूल तेव्हा दीड वर्षाचं होतं. निवृत्त झालेली आजी नातवाला सांभाळेल, हे तिने गृहीत धरलं होतं आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे ते न बोलता ठरलेलंच असतं. "तुला आमच्यापेक्षा गाडी जास्त झाली," असं ती म्हणाली, तेव्हा मला खूप लागलं. मी लगेच समजूत काढायला गेले नाही. दोन दिवसांनी विचारलं, "तुला नेमकी कुठे अडचण येते, तारखांसकट सांग." पाळणाघराच्या सुट्ट्या, जावयाचे कामाचे दौरे, तिच्या ऑफिसातली मार्चअखेर अशी यादी निघाली. वर्षाचे साधारण सत्तर दिवस. ते सत्तर दिवस आम्ही पुण्यात असतो, आणि या चार वर्षांत एकही चुकवलेला नाही. "येऊ गं अधूनमधून" असं म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

दादाला पैशाची काळजी होती. लोक काय म्हणतील, हाही भाग होताच. आमच्या पिढीत "घर सोडलं" याचा अर्थ काहीतरी बिनसलं असाच होतो. त्याच्याशी वाद घातला नाही, हिशेबाची वही समोर ठेवली. भावाला किंवा मुलाला पेन्शन, ठेवी, विमा, मृत्युपत्र यांची माहिती देण्यात कमीपणा नाही. मुलगा जर्मनीत असतो, त्याने मात्र पहिल्याच फोनवर "करा" म्हटलं. दूर असलेल्या मुलांचा होकार सहज मिळतो, कारण त्यांच्या रोजच्या जगण्यात फरक पडत नाही. त्या होकाराच्या जोरावर जवळच्यांना "बघा, त्याला चालतंय" असं कधीही ऐकवू नका. धावपळ जवळच्यांनाच करावी लागते.

सासूबाईंनी एकच विचारलं, "देवांचं काय?" त्याबद्दल पुढे.

आणि आई. आईने सहा महिने या विषयावर अवाक्षर काढलं नाही. गाडी तयार होऊन साताऱ्याला दारात उभी राहिली तेव्हा ती काठी टेकत आत चढली, एकेक कप्पा उघडून पाहिला, डब्यांची झाकणं घट्ट बसतात का ते बघितलं आणि म्हणाली, "आज मी इथेच झोपते." मी खाली सतरंजीवर, ती गादीवर. रात्री दोनदा उठून तिने दाराची कडी चाचपली. सकाळी चहा घेताना म्हणाली, "दार बाहेरूनही उघडता यायला हवं. तुम्हा दोघांना आत काही झालं तर?" तिसरी किल्ली आज तिच्या पेटीत आहे.

वयस्कर माणसांना तुमची गाडी फोटोत दाखवू नका. तिच्यात बसवा, जेवू घाला, जमलं तर एक रात्र ठेवा. भीती नेमकी कशाची आहे ते तेव्हाच बाहेर येतं.

पायरी ३. विकत घेण्याआधी भाड्याने राहा

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि मोटरहोम किंवा कॅम्पर व्हॅन भाड्याने देणारे आता पुण्या-मुंबईत मिळतात. तीन-चार दिवसांची सहल करून काही कळत नाही, ती मजाच असते. किमान तीन आठवडे राहा आणि त्यात मुद्दाम कंटाळवाणे दिवस घाला: पावसात एकाच जागी दोन दिवस, एक दिवस नुसता कपडे धुण्याचा, एक दिवस बँकेच्या कामाचा. एकाला ताप आला तर उत्तमच, खरी परीक्षा होते.

या तीन आठवड्यांत घरच्यांपैकी कोणाला तरी दोन दिवस सोबत न्या. दादा आमच्याबरोबर पालीहून हरिहरेश्वरपर्यंत आला. रात्री गाडीतच पिठलं-भात केला. तो घरी गेल्यावर वहिनीचा फोन आला: "काय सांगितलंत यांना? दोन दिवस त्या गाडीचंच चाललंय."

पायरी ४. मूळ घर, पत्ता आणि देव

फ्लॅट विकून गाडी घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. माझं हे मत ठाम आहे. परतीचं दार उघडं आहे एवढ्यानेच घरच्यांची निम्मी काळजी मिटते. आम्ही फ्लॅट भाड्याने दिला. भाडेकरार नोंदवलेला आहे, आणि एक छोटी खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवली आहे. तिथे सणाची भांडी, पैठण्या आणि जुने अल्बम आहेत.

सरकारी कागदांना पत्ता लागतो आणि तो गाडीचा असू शकत नाही. आधार, मतदार यादी, बँक, पेन्शन, गाडीची नोंदणी, सगळ्यांवर एकच पत्ता ठेवा. टपाल उघडून फोटो पाठवणारं एक विश्वासू माणूस हवं. आमच्याकडे ते काम मुलगी करते. पेन्शनधारकांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला विसरू नये. तो आता जीवन प्रमाणच्या अॅपवर चेहरा दाखवून मोबाइलवरून देता येतो, बँकेत जाऊन उभं राहावं लागत नाही.

वाहन कायद्यात आणखी एक अट आहे. गाडी दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. आम्ही दर वर्षी महाराष्ट्रात परततोच, पण टोल आणि पेट्रोल पंपाच्या पावत्या जपून ठेवतो.

देवांविषयी. देवघरातले टाक आणि कुलदेवता सासूबाईंच्या सांगण्यावरून धाकट्या दिरांकडे ठेवली. गाडीत एकच पितळेची अन्नपूर्णा आहे, गव्हाच्या डबीत टेकवलेली, म्हणजे घाटात आडवी होत नाही. ती सासूबाईंनी स्वतःच दिली. नवरात्रात घट त्यांच्याकडे बसतात, गौरी-गणपतीला आम्ही घरी असतो आणि सासऱ्यांच्या श्राद्धाच्या तिथीला नवरा कुठेही असला तरी पोचतो. ज्यांच्या घरात कुळाचार मनापासून पाळला जातो, त्यांनी "हल्ली कुठे एवढं" म्हणून विषय टाळू नये. कोणता कुळाचार कुठे होणार, हे लिहून ठरवा.

पायरी ५. गाडी

दोन मार्ग आहेत: तयार मोटरहोम घेणं किंवा व्हॅन घेऊन आतून बांधून घेणं. आमची फोर्स ट्रॅव्हलर आहे, उंच छपराची. आत ताठ उभं राहता येतं, आणि वयाच्या साठीत हे फार महत्त्वाचं आहे. वाकून स्वयंपाक केला की आठ दिवसांत कंबर धरते.

कागदपत्रं आधी, सुतारकाम नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांत मनाने बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. आपल्याकडे मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. गाडी बांधणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: नोंदणी पुस्तकात "मोटर कॅराव्हॅन" असं लागेल का, आणि ते काम कोण करून देणार? "ते नंतर बघू" असं उत्तर मिळालं, तर तिथून उठा. नोंद नसलेल्या बदलांमुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. घरच्यांना सांगायला तर हे सगळ्यात अवघड जाईल.

वजनाकडे फार कमी लोक बघतात. पाण्याची टाकी, डिझेल, गॅस, कपडे, धान्य, दोन्ही माणसं, सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. ऊस आणि वाळूची वाहतूक असलेल्या कुठल्याही रस्त्यावर वजनकाटा सापडतो. गाडीच्या मंजूर वजनाच्या आत आकडा हवा. शिवाय पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या. आमची मागची बाजू जड भरली होती. टाकी मागून उचलून मधे घेतली तेव्हा कुंभार्ली घाटात गाडी सरळ चालू लागली. साध्या लाकडी प्लायपेक्षा हलक्या पोकळ पॅनेलचं फर्निचर महाग पडतं, पण दर उतारावर ब्रेकला त्याचा फायदा होतो. उतारावर खालचा गिअर ठेवा, ब्रेक सतत दाबून ठेवू नका. परवान्याचं म्हणाल तर हलक्या वाहनाची मर्यादा ७५०० किलो आहे, तेव्हा अशा व्हॅनला चारचाकीचा साधा परवाना पुरतो.

कोकणात फिरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटी मोटरहोमला वरदान आहेत, मोठा वळसा वाचतो. पण ओहोटीला बोट खाली जाते आणि जेट्टीचा उतार तीव्र होतो. लांब शेपटीच्या गाडीचा मागचा भाग तिथे टेकतो. एका जेट्टीवर आमचा सांडपाण्याचा नळ असाच मोडला. त्यानंतर भरतीची वेळ बघूनच आम्ही जातो, आणि चढण्याआधी मी खाली उतरून मागून बघत उभी राहते.

पायरी ६. वीज, पाणी, गॅस, संडास

वीज मोजायची ती दिवसाच्या गरजेवरून. आमचं गणित इन्सुलिनपासून सुरू झालं. नवऱ्याला मधुमेह आहे, न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिज कधीच बंद पडता कामा नये. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ६०० वॉट-तास घेतो, पंखे ३००, दिवे-फोन-लॅपटॉप आणि पाण्याचा पंप मिळून २५०. छपरावर ४०० वॉटचे सोलर पॅनेल आहेत. स्वच्छ उन्हात त्यांच्यातून दीड युनिटच्या आसपास मिळतं (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास), म्हणजे भागतं. २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अडीच युनिट साठवते, त्यात ढगाळ असे दोन दिवस निघतात. एसी याच बॅटरीवर अडीच-तीन तासांत सगळं संपवतो. म्हणून आम्ही तो फक्त बाहेरची वीज मिळाली तर लावतो. उन्हाळ्यात एसीपेक्षा उंची शोधा: दर हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते.

पाणी दोघांना दिवसाला ३५ ते ४० लिटर लागतं, आणि तेही सवय झाल्यावर. आमची टाकी १५० लिटरची, म्हणजे चौथ्या दिवशी पाणी शोधायचं. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. घासणी-धुणी दुपारनंतर होतात. भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली की निम्मं पाणी वाचतं, हे दुष्काळी भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

गॅसबद्दल मी पोटतिडकीने सांगते. ज्याने आमची गाडी बांधली त्याने सिलिंडर बाकाखालच्या बंद कपाटात बसवला होता, बाहेर हवा जायला भोकसुद्धा नव्हतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली जमिनीलगत साचतो, वरची खिडकी उघडी असून उपयोग नाही. सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारा हवा. गॅस ओळखणारा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर लावा. छोटा ५ किलोचा सिलिंडर अनेक पेट्रोल पंपांवर आणि गॅस एजन्सीत मिळतो, आमचा महिनाभर सहज जातो. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. ऊब मिळावी म्हणून आत कोळशाची शेगडी किंवा निखारे कधीही पेटवू नका, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

संडास म्हणजे कॅसेट टॉयलेट, खालची पेटी ओढून काढायची. वीस लिटरची पेटी दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती सार्वजनिक शौचालयातच रिकामी करायची, ओढ्यात-नाल्यात कधीच नाही. परवानगी मागायला लाज वाटू देऊ नका. साफ करून, पाणी मारून आणि तिथल्या माणसाच्या हातावर पैसे ठेवून निघालं, की पुढच्या वेळी तोच हाक मारतो.

पायरी ७. आजारपण आणि चोवीस तासांत पोचायचा आराखडा

तिसऱ्या वर्षी जानेवारीत आम्ही गोकर्णला होतो. संध्याकाळी सात वाजता दादाचा फोन आला: आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं.

आम्ही गाडी घेऊन निघालो नाही. हे आधीच ठरलेलं होतं: घाबरलेल्या मनाने रात्री मोठी गाडी चालवायची नाही. ज्यांच्या आवारात थांबलो होतो त्यांना किल्ली दिली, फ्रिज रिकामा केला, गॅस बंद केला, तयार ठेवलेली पिशवी उचलली. भाड्याच्या गाडीने अंकोल्यावरून हुबळी, तिथून पुण्याकडे जाणारी रात्रीची बस, आणि उजाडायच्या आत साताऱ्यात. शस्त्रक्रियेला नेण्याआधी आईने माझा हात धरला. दादा मागे उभा होता. नंतर तो वहिनीला म्हणाला, मी ऐकलं, "पुण्यात असती तरी पहाटेच आली असती."

असा आराखडा प्रत्येक मुक्कामासाठी करा. नव्या ठिकाणी पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी एवढं शोधून लिहून ठेवा: जवळचं रेल्वे स्टेशन, रात्रीची शेवटची बस, भाड्याची गाडी देणाऱ्याचा नंबर, जवळचं चोवीस तास उघडं रुग्णालय, आणि गाडी आठ-पंधरा दिवस कोण सांभाळेल. पिशवीत दोन दिवसांचे कपडे, औषधं, विम्याची कार्डं, आधारच्या प्रती आणि पाच हजार रुपये रोख. चोवीस तासांत घर गाठता येणार नाही अशा जागी जायचं असेल, उदाहरणार्थ स्पिती किंवा लडाखला, तर निघण्याआधी घरच्यांना सांगा आणि तेवढे दिवस त्यांच्या सोयीने ठरवा. घरात कोणाची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तर तिकडे जाऊच नका.

स्वतःच्या तब्येतीसाठी आरोग्य विम्याची रोकडरहित सोय कोणत्या गावातल्या कोणत्या रुग्णालयात आहे, याची यादी मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, रेंज असेलच असं नाही. नेहमीचा डॉक्टर पुण्याचाच ठेवला आहे. त्याच्याकडे दर तीन महिन्यांनी रक्त तपासून जातो.

पायरी ८. वर्षाची आखणी

आमचं वर्ष ऋतू आणि सण मिळून ठरतं. मृग लागला की कोकण आणि घाट सोडायचे. आंबोली-गगनबावड्याच्या पावसात गादीला बुरशी येते, आणि वरंध्यासारखा घाट तर पावसाळ्यात अनेकदा बंदच असतो. जून-जुलै माण, खटाव, आटपाडीच्या पर्जन्यछायेत जातात. तिकडे पावसाळ्यात हवा सुंदर असते. गौरी-गणपतीपासून पितृपक्ष संपेपर्यंत पुणे-सातारा. दिवाळी मुलीकडे. नंतर कोकण, गोवा, कारवारचा किनारा. मार्चअखेर पुन्हा पुणे, तिच्या ऑफिससाठी. मे महिन्यात उंचावर, आणि तेव्हा नातू आमच्याबरोबर असतो. त्याची झोपायची जागा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर आहे, आणि चालत्या गाडीत पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही, हे तो आता आजोबांना बजावतो.

मुक्कामाला आम्ही तीन प्रकारच्या जागा निवडतो: कृषी पर्यटन केंद्रं, देवस्थानांची भक्त निवासं आणि ओळखीच्यांची आवारं. कृषी पर्यटन केंद्रात पाणी, विजेची जोडणी आणि जेवण तिन्ही मिळतं, दर आधी बोलून घ्यावा. पेट्रोल पंपावर एखादी रात्र काढायला हरकत नाही, डिझेल तिथेच भरावं. पुळणीवर गाडी घालू नका, वाळूत रुतते, आणि बाहेर काढायला जेसीबी लागतो. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय थांबू नका.

गावात थांबायचं तर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटावं, आपण कोण, किती दिवस, ते सांगावं. "कोण गावचं?" हा प्रश्न येतोच. धनगर वाड्यानिशी याच रस्त्यांनी जातात, ऊसतोडीची कुटुंबं याच शिवारात कोपी घालून राहतात, आणि त्यांना हाच प्रश्न संशयाने विचारला जातो. आम्हाला तो चहाचा कप पुढे करत विचारतात. हे प्रत्येक वेळी मनाला लागतं. आम्ही आवडीने फिरतो, ते पोटासाठी. त्यांच्या पाण्याच्या जागेवर आमची टाकी भरायची नाही, एवढं तरी आम्ही पाळतो.

पैशाचं थोडक्यात

महिन्याला हजार किलोमीटरच्या वर जायचं नाही, असं ठरवलं आहे. गाडी लिटरला दहा किलोमीटर देते, म्हणजे शंभर लिटर डिझेल, नऊ हजारांच्या आसपास. मुक्कामाचं भाडं, किराणा, गॅस, फोन धरून खर्च फ्लॅटमध्ये राहत होतो तेवढाच येतो. पैसे वाचतील म्हणून यात पडू नका. टायर, बॅटरी आणि अचानकच्या दुरुस्तीसाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाकलीच पाहिजे. फ्लॅटचं भाडं आम्ही पूर्णपणे त्यासाठी ठेवलं आहे.

पायरी ९. महिन्याचा कागद

घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवून चालेल असं वाटतं. मुलीला चालतं, आईला नाही. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही एक पान लिहितो: कुठल्या तारखांना कुठे, तिथल्या ओळखीच्या माणसाचा फोन, साताऱ्याला पोचायला किती तास, आणि पुन्हा कधी भेटणार ती तारीख. दादा ते छापून आईच्या पलंगाशेजारी लावतो. फोनची वेळ ठरलेली आहे, रात्री साडेआठ. रेंज नसेल तर दुपारीच सांगून ठेवतो, की आज फोन येणार नाही. न सांगता एकदाही चुकवायचं नाही.

दर पाडव्याला सगळे एकत्र बसतो आणि विचारतो, अजून एक वर्ष जाऊ का? खरंच विचारतो, आणि "नाही" आलं तर थांबायची तयारी ठेवून विचारतो. दुसऱ्या वर्षी मुलगी म्हणाली, यंदा चार महिने थांबा. तिला दुसरं बाळ होणार होतं. गाडी सोसायटीत उभी केली, आणि बॅटरी उतरू नये म्हणून पॅनेल चालू ठेवले.

यंदा पाडव्याला आई वॉकर घेऊन बाहेरच्या खोलीत आली. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "जा. पण तो कागद मोठ्या अक्षरात लिहीत जा. आणि परत यायची तारीख खाली लिहिता ना, ती सगळ्यात वर लिही."